दोन बीदरांएवढा मुलूख

आमच्या बीदर जिल्ह्यातल्या हुमनाबादेत जमैका नावाच्या देशाचा अभ्यास चालायचा, हे आज सांगितलं तर कुणी खरं मानणार नाही. मानू नका. मी चौथी नापास माणूस. उमेदीची सगळी वर्षं तंबूच्या थेटरात सिनेमाचं मशीन चालवण्यात गेली. खोटं रचायला जेवढं शिक्षण लागतं तेवढं माझ्याकडं नाही. धोंडीराम मास्तरांनी हा अभ्यास पंधरा-वीस वर्षं केला, त्यातली काही वर्षं आमच्या तंबूत केली, आणि शेवटी शेवटी त्यांच्या वर्गात विद्यार्थी म्हणून मी एकटा उरलो होतो. तोही स्वखुशीनं नव्हे. तंबूतच माझी खाट, तंबूतच माझं मशीन. मी जाणार कुठं?

मास्तर जवळच्या निर्णा गावचे. छप्पन सालानंतर त्यांच्या घरानं दीक्षा घेतली होती. मॅट्रिकपर्यंत शिकले ते निजामाच्या उर्दूत, बोलायचे मराठी, कचेरीत कन्नड, आणि पोटाला इंग्रजी, म्हणजे शाळेत तीच शिकवायचे. उंच माणूस, मान जरा पुढं काढून चालायचा. सदऱ्याच्या एका खिशात भुईमुगाच्या शेंगा, दुसऱ्या खिशात टरफलं. रस्त्यावर टरफल टाकलेलं मी कधी पाहिलं नाही. बाकीच्यांचा आवाज महत्त्वाच्या जागी चढतो, यांचा उतरायचा. त्यामुळं मागं बसलेल्याला महत्त्वाचं तेवढं ऐकू यायचं नाही.

पहिल्यांदा ते तंबूत आले तेव्हा आम्ही अजून म्हैसूर राज्यात होतो. सकाळची वेळ. मी मशीनचं भिंग पुसत होतो. तंबूचे मालक, त्यांना सगळे शेठ म्हणायचे, खाटेवर बसून पान लावत होते.

"रविवारी सकाळी तंबू रिकामाच असतोय न्हवं?" मास्तरांनी विचारलं.

"असतोय. कामून? लगीन हाय का कुणाचं?"

"वर्ग घ्यायचाय."

"इंग्रजीचा?"

"जमैकाचा."

शेठचं पान हातातच राहिलं. "ते काय असतंय? शिवण का टायपिंग?"

"देश हाय. समुद्रात. दोन बीदर मांडले की जमैका होतोय, एवढाच."

शेठ असे हसले की खाट करकरली. "एक बीदर कुणाला सांभाळंना, अन् तुम्ही दोन मांडायलाव!" पण हसलेला माणूस नाही म्हणत नाही. अट एकच घातली: वर्गाच्या आधी जागा झाडून पाणी मारायचं, वर्ग झाला की परत झाडायचं.

रविवारी मी बघतो तर मास्तर बाह्या वर करून खराटा मारायलेत. आदल्या रात्रीची सगळी विड्यांची थोटकं, उसाची चोयटी. मी खराटा घ्यायला गेलो. कुणी काय झाडायचं हे माझ्या धनगराच्या घरातही गावासारखंच शिकवलेलं होतं, पण मास्तरानं झाडावं हे मलाही बघवेना.

"सोडा, बिरूअण्णा," ते म्हणाले. "माझा बाप गावाचा रस्ता झाडायचा. सांगितलं म्हणून झाडायचा. मी माझ्या वर्गाची जागा झाडायलोय. ह्या दोन्हीत जेवढा फरक हाय, तेवढाच मला शिकवायचाय."

मला तेव्हा काही कळलं नाही. पण पाणी मारायचं काम मी अंगावर घेतलं, ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

हा जमैका त्यांना सापडला कसा, तर हैदराबादेत, रविवारच्या जुन्या बाजारात. पुट्ठा फाटलेली एक कादंबरी. पहिली वीस पानं गायब, त्यामुळं नाव नाही, लिहिणाऱ्याचाही पत्ता नाही. येताना बसमध्ये वाचायला म्हणून घेतली. उसाचे फड, फडावरचा मुकादम, टेकडीवर गोऱ्या मालकाचा बंगला, खाली कामकऱ्यांच्या झोपड्या. काळी माणसं, जहाजातून आणलेली, पिढ्यान्‌पिढ्या त्याच फडात राबलेली. "हुमनाबाद आलं तरी मी उतरलो न्हाई," मास्तर सांगायचे. "कंडक्टर म्हणाला, मास्तर, तुमचं गाव आलं. मी म्हणालो, व्हय, आलं. पुस्तकातच आलं."

त्यानंतर पगारातलं काय वाचेल ते पुस्तकांत गेलं. कादंबऱ्या, कविता, इतिहास. हैदराबादेहून, मुंबईहून, टपालानं. बायको आधीच गेलेली, एक मुलगी, सुमन. ती आजीजवळ निर्ण्यात. मास्तर इथं एका खोलीत, स्टोव्ह आणि पुस्तकं.

पहिल्या रविवारी अकरा माणसं आली. शाळेतली मोठी पोरं, दोन कारकून, एक रिटायर पोस्टमन. मास्तरांनी तंबूच्या कनातीवर आतून खडूनं तो देश काढला. पोहणाऱ्या कासवासारखा. वारा आला की कनात हलायची आणि देश पोहायला लागायचा. खांबापासून खांबापर्यंत चालत मास्तर बोलायचे. आधी गोष्ट सांगायचे, कुठल्यातरी कादंबरीतली, मग म्हणायचे, "आता हे कामून झालं ते बघू." आणि मग राज्य कुणाचं होतं, कायदा कुणाचा होता, साखर कुठं जात होती, ते यायचं. तिथल्या लोकांची बोली एक आणि शाळेतली इंग्रजी एक. घरची बोली शाळेत बोललं की छडी. हे सांगताना मास्तर आमच्याकडं बघून हसायचे. आम्ही सगळेच घरी एक, बाजारात दुसरी, कचेरीत तिसरी बोलणारी माणसं. राज्य बदललं, पाटी बदलली, आम्हाला कुणी विचारलं होतं?

गावात थट्टा व्हायचीच. पोरं 'जमैका मास्तर' म्हणायला लागली. हायवेच्या ढाब्यावर लॉरीवाले विचारायचे, "मास्तर, तुमच्या गावाला माल जातोय का?" शाळेतले मोठे गुरुजी एकदा तंबूजवळ भेटले, तेव्हा मी शेजारीच उभा होतो.

"धोंडीराम, बदली मागितलीस का काय तिकडं? अरे, आपला बीदरचा किल्ला शिकव की. हे कुठलं काढलंस?"

"किल्ला कुणी बांधला ते पोरांना पाठ हाय, गुरुजी. दगड कुणी वाहिले ते विचारा."

"ते पुस्तकात नाही."

"तिथल्या पुस्तकात हाय. म्हणून तिथलं वाचायलोय."

मोठे गुरुजी वाटेला लागले. मास्तरांनी शेंग फोडली आणि टरफल खिशात टाकलं.

अकराचे सात झाले, सातांचे चार. त्या चारांपुढं मास्तरांनी एकदा डोंगरात पळून गेलेल्या गुलामांची हकीगत सांगितली. मळ्यावरून पळाले, डोंगरात राहिले, इंग्रज फौजेला वर्षानुवर्षं दमवलं, शेवटी इंग्रजानं तह केला: तुम्ही मोकळे, तुमची जमीन तुमची. मी मशीनला तेल घालत होतो, पण हात थांबला होता. संगप्पा कारकुनानं तर टाळी वाजवली. मग मास्तरांचा आवाज उतरला.

"तहात अजून एक कलम होतं. इथून पुढं मळ्यावरून जो कुणी पळून येईल, त्याला धरून मालकाला परत द्यायचं. त्यांनी कबूल केलं."

संगप्पाचा चेहरा पडला. "मास्तर, येवढं गाळा की हो. चांगली गोष्ट नासली."

"नासली तर नासली. गाळून सांगायला मी काय कीर्तन करायलोय?"

"पण ऐकणाऱ्याला उमेद यायला नको का?"

"उमेद पाहिजे तर बिरूअण्णाच्या खेळाला ये संध्याकाळी. तिथं शेवटी सगळे सुटतात." आणि मग हळूच, स्वतःशीच म्हटल्यासारखं: "मी शिकलो, निर्ण्याच्या बाहेर पडलो. माझ्या तहात काय कलम हाय ते मला रोज बघावं लागतंय."

संगप्पा परत आला नाही. त्याच्यामागं बाकीचे तिघंही गळाले. त्यानंतरच्या रविवारी मास्तरांनी जागा झाडली, मी पाणी मारलं, दोघांनी अर्धा तास वाट पाहिली. मग ते उठून कनातीजवळ गेले आणि मला एकट्याला शिकवायला लागले. मी म्हणालो, "मास्तर, मला हे कशाला? मला रिळं जोडायचीत." ते म्हणाले, "जोड की. कान तर मोकळे हायत."

त्या दिवसापासून ते मला अरे-तुरे करायला लागले. मला ते आवडलं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मी धरून त्यांना दोन श्रोते होते. दुसरी त्यांची आई, भागाई. एकदा मी निर्ण्याला गेलो तेव्हा पाहिलं. भागाई उंबऱ्यापाशी बसून तूर निवडतेय आणि मास्तर पायरीवर पुस्तक घेऊन. डोळे इंग्रजीवर, तोंडातून मराठी. अडखळणं नाही. म्हातारी ऐकता ऐकता मध्येच सूप थांबवायची.

"त्या बाईला पाणी कुणी दिलं?"

"मुकादमाच्या बायकोनं."

"हातात दिलं का वरून ओतलं?"

मास्तरांनी पान मागं-पुढं करून बघितलं. "लिहिलं न्हाई, आई."

"मग काय लिहिलंय त्यानं? येवढं मोठं पुस्तक!"

मास्तरांनी खिशातून एक वही काढली आणि तो प्रश्न लिहून घेतला. ती वही मी नंतर हातात घेऊन पाहिली. वर लिहिलेलं, 'आईचे प्रश्न'. पुस्तकात ज्यांचं उत्तर नाही असे सगळे प्रश्न त्यात, ओळीनं. बंगल्यातली गोरी बाई बाळंत झाली तर दूध कुणी पाजलं? झोपडी जळाल्यावर ती माणसं त्या रात्री कुठं निजली? मास्तर म्हणायचे, "मोठमोठ्या पंडितांनी विचारले नसतील असले प्रश्न हायत हे. ह्यांची उत्तरं पुस्तकात न्हाईत. चित्रात सापडली तर सापडतील. चित्रात पाण्याचा तांब्या कुणाच्या हातात हाय ते लपवता येत न्हाई." मला हे बोलणं पटलं. माझ्या धंद्याबद्दल कुणी शिकलेला माणूस पहिल्यांदाच बरं बोलत होता.

कर्नाटक हे नाव पडून तीन-चार वर्षं झाली असतील. मास्तर सुट्टीत हैदराबादेला गेले, आणि तिथं सिनेमाची हौस असलेल्या शिकलेल्या लोकांच्या एका मंडळात त्यांना जमैकाचा सिनेमा बघायला मिळाला. तिथल्याच लोकांनी तिथंच काढलेला. रात्रभर बसमध्ये बसून आले ते घरी न जाता तंबूत आले. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"बिरूअण्णा, मी त्यांना बघितलं," म्हणाले. जसं काही माणूस पाव्हण्यांकडं जाऊन आलाय.

"बोलतात कसे?"

"अर्धं कळलं न्हाई मला. पुस्तकातली इंग्रजी इस्त्रीची असते. त्यांची अंगावरची हाय."

गोष्ट साधी होती. डोंगरावर राहणारी एक म्हातारी, आयुष्यभर फडात राबलेली. त्या देशात पहिल्यांदाच सगळ्यांना मत मिळालंय. ती मत द्यायला खाली गावात जाते. बस. मला वाटलं, ह्यात सिनेमा कुठं आहे? पण मास्तरांचं तोंड बघितलं आणि चहा सांगितला.

तो सिनेमा निर्ण्याच्या माणसांना, आईला, दाखवायचा हे त्यांनी मनात घेतलं. मंडळाला पत्रं लिहिली. सहा-सात महिने पत्रं. शेवटी रिळांची लोखंडी पेटी बसच्या टपावरून आली. अट: एकच खेळ करायचा आणि लगेच परत धाडायचं. शेठनं सोमवारचा पहिला खेळ दिला, पण बजावलं, "आठाला माझा पडदा मोकळा पाहिजे. पब्लिक बाहेर तटलं तर तंबू फाडतंय."

मास्तर महिनाभर काहीतरी लिहीत होते. परीक्षेच्या जुन्या पेपरांच्या पाठीवर, गठ्ठाच्या गठ्ठा. सिनेमा चालू असताना पडद्याशेजारी उभं राहून ते मराठीत सांगणार होते. मी विचारलं, "काय लिहायलाव?" म्हणाले, "त्या दिवशी ऐक."

आता माझ्या कामाबद्दल सांगतो. तंबूतला ऑपरेटर म्हणजे नुसता मशीन फिरवणारा नव्हे. आलेलं चित्र आमच्या पब्लिकला बसतं करायचं, हे त्याचं काम. लांबण लागली की शिट्ट्या, मग चपला, मग खडे. म्हणून कुठलीही पेटी आली की आम्ही रिळं हातानं उलगडून, उजेडाला धरून बघायचो, आणि चालणं कापायचो. माणूस घरातून निघाला, रस्त्यानं चालला, नदीकाठानं चालला, ते सगळं जायचं. माझा उस्ताद सांगायचा, पब्लिकला पोचलेला माणूस पाहिजे, चालणारा नको. कापलेला तुकडा डब्यात ठेवायचा, पेटी परत जाताना जागच्या जागी जोडून द्यायचा. अशी चित्रं मी किती केली त्याची गणती नाही. माझा जोड मशीनमध्ये कधी तुटला नाही, पडद्यावर कधी दिसला नाही. ह्या गोष्टीचा मला अभिमान होता, आजही आहे.

सोमवारी दुपारी मास्तर निर्ण्याला माणसं आणायला गेले. मी पेटी उघडली. रिळं उन्हाला धरून बघत गेलो. मधलं एक रीळ जवळजवळ आख्खं, आठशे फूट तरी, म्हातारी डोंगर उतरते. नुसती उतरते. कुणी भेटत नाही, भांडण नाही, गाणं नाही. मी मनात म्हटलं, इथं शिट्ट्या पडणार. मास्तरांची शोभा होणार, ती पण त्यांच्या गावापुढं, आईपुढं. शिवाय आठाची वेळ. मी ब्लेड घेतलं. माझ्या उभ्या आयुष्यात इतकी सफाईदार कापणी मी दुसरी केली नाही.

संध्याकाळी निर्ण्याची माणसं दोन ट्रॅक्टर भरून आली. गावातली पण बरीच. भागाई बायकांच्या बाजूला, पुढंच, वाळूवर बसली, पदर सारखा करत. मास्तर पडद्याच्या डाव्या अंगाला उभे, हातात गठ्ठा, एक बॅटरी. चित्र सुरू झालं. थोडक्यात, नेमकं सांगत होते. म्हातारीनं झोपडीचं दार ओढलं, लोक गप्प बघत होते. डोंगराच्या माथ्यावर ती उभी राहिली. मास्तरांनी गठ्ठ्यातला मोठा भाग वर काढला, बॅटरी धरली, आणि आवाज उतरवून म्हणाले, "आता ती चालणार हाय. ही वाट म्हणजे तीनशे वर्षं हायत. पहिलं वळण..."

पडद्यावर म्हातारी मतपेटीपुढं उभी होती.

मास्तरांनी पडद्याकडं पाहिलं. मग हातातल्या कागदांकडं. मग मागं, मशीनच्या भोकाकडं, माझ्याकडं. प्रकाशाच्या झोतात त्यांचे डोळे बारीक झाले होते. मी हात हलवला, की सगळं ठीक आहे. पडद्यावर लोक बोलत होते, हसत होते, मास्तर काही सांगत नव्हते. पब्लिकला वाटलं आता सांगायची गरज नाही. चिठ्ठी पेटीत पडली तशी टाळी पडली, शिट्टी पडली, चांगली शिट्टी. आठाला दहा मिनिटं असताना पडदा मोकळा झाला.

भागाई उठताना मास्तरांना म्हणाली, "ती म्हातारी लई लवकर पोचली की रं. मला वाटलं लांब असंल."

मास्तर म्हणाले, "लांबच हाय, आई."

माणसं ट्रॅक्टरात बसल्यावर ते माझ्याकडं आले. "बिरूअण्णा, ती चालली ते कुठं गेलं?"

तेव्हाच सांगायचं. एका वाक्याचं काम होतं. पण शेठ शेजारी उभे, दुसऱ्या खेळाची गर्दी आत येतेय, आणि मी मनात शाबासकीची वाट बघत होतो. मी म्हणालो, "फिल्म अशीच आली, मास्तर."

"मी बघितलंय."

"मग तिकडंच कुणी कापली असंल. मशीनला जेवढं दिलं तेवढं पडद्यावर गेलं."

ते मान हलवत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुकडा जागच्या जागी जोडला. जोडताना परत सगळा बघितला, सावकाश, कारण आता घाई नव्हती. पेटी गेली. मास्तरांनी मंडळाला रागाचं पत्र लिहिलं. महिन्यानं उत्तर आलं. ते घेऊन ते रविवारी तंबूत आले, जागा झाडली, मी पाणी मारलं, आणि मग त्यांनी ते पत्र मला मराठीत वाचून दाखवलं. चित्र पूर्ण गेलं होतं आणि पूर्ण परत आलंय, आम्ही चालवून तपासलं. तुम्ही आमच्यावर खोटा आळ घेतला, इथून पुढं तुम्हाला चित्र मिळणार नाही.

पत्राची घडी करून ते खाली बसले. माझ्याकडं बघत नव्हते, ओल्या मातीकडं बघत होते.

"म्हणजे चित्रात होतं," ते म्हणाले. "मग त्या दिवशी मलाच दिसलं न्हाई म्हणायचं."

त्यांनी माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. मी त्यातून गेलो नाही. मी म्हणालो, "डोळे तपासून घ्या."

वर्ग बंद झाला. कनातीवरचा देश पावसानं पुसला गेला. मास्तर रस्त्यात भेटले की विचारायचे, "कसा हायस?" मी म्हणायचो, "बरा." ते त्यांच्या खोलीत वाचत बसायचे, हे मी येता-जाता खिडकीतून बघायचो. भागाई पुढच्याच वर्षी गेली. नंतर व्हिडिओ आला, तंबू उठला, मी एका ढाब्यावर हिशेबाला नव्हे, नुसता राखणीला बसू लागलो. मास्तर रिटायर होऊन मुलीकडं, गुलबर्ग्याजवळच्या आळंदला गेले. पुस्तकांच्या पेट्या लॉरीवर चढवायला मी गेलो होतो. त्यांनी "दमलास" एवढंच म्हटलं.

दहाएक वर्षं गेली. एकदा सुमनअक्काच्या सासरचा माणूस ढाब्यावर चहाला थांबला, त्यानं सांगितलं की साखरेच्या आजारानं मास्तरांचे डोळे गेलेत. म्हणाला, "दिवसभर खुर्चीत बसतात. वाचून दाखवायला घरात कुणाला इंग्रजी येत न्हाई."

दोन बसा बदलून मी आळंदला गेलो. मोंढ्यामागचं घर, अंगणात तुरीची पोती. सुमनअक्कानं त्यांच्यासमोर मला खुर्ची दिली. "अप्पा, हुमनाबादचे बिरूकाका आलेत." मास्तरांचं तोंड माझ्या खुर्चीच्या आवाजाकडं वळलं. पाणी पिऊन झाल्याबरोबर मी सांगून टाकलं. जास्त बसलो असतो तर परत राहिलं असतं.

"ते चालणं मी कापलं होतं, मास्तर. नंतर जोडून धाडलं."

ते म्हणाले, "किती फूट होतं?"

"आठशे. थोडं वरच."

"तू नीट बघितलंस?"

"दोनदा. हातानं."

"मग सांग. काय होतं त्यात? मी एकदाच बघितलं, ते पण रडत बघितलं. मी सहा वळणं लिहिली होती."

"चारच होती, मास्तर."

"चारच?" ते खुर्चीत पुढं सरकले.

मी सांगितलं. पहिल्या वळणावर एक शेळी वाट अडवते, म्हातारी तिला हात करून शिव्या देते. दुसऱ्या वळणावर बाया झऱ्यावर पाणी भरत असतात, एकजणी तिला ओंजळ पुढं करायला सांगते.

"ओंजळ? म्हणजे वरून ओतलं?"

"न्हाई. म्हातारी ओंजळ करत न्हाई. भोपळ्याचं भांडं त्या बाईच्या हातातून ओढून घेती अन् तोंडाला लावती. सगळ्या हसतात."

मास्तर इतक्या मोठ्यानं हसले की सुमनअक्का आतून बाहेर आली. "आईला सांगायला पाहिजे होतं," म्हणाले, आणि हसू तिथंच थांबलं. मग म्हणाले, "मी तिथं गुलामांची जहाजं लिहिली होती. शेळी लिहिली नव्हती. बरं झालं कापलंस. चुकीचं सांगितलं असतं मी."

हे ऐकायला मी आलो नव्हतो. मला त्यांनी शिवी दिली असती तर मी मान खाली घालून घेतली असती. मी म्हणालो, "बरं झालं न्हाई."

"न्हाई," ते म्हणाले. "पण आता सांग. परत, पहिल्यापासनं. घाई करू नको."

मी परत सुरू केलं. झोपडीचं दार, माथा, शेळी. झरा. तिसऱ्या वळणावर म्हातारी एका दगडावर बसते, आणि जिथून आली त्या डोंगराकडं मान वळवून बघते. तिथं कुणी नसतं. एवढंच मला बोलता आलं. माणसासमोर मी कधी रडलो नाही, बाप गेला तेव्हाही नाही. मी उठलो. सुमनअक्का दारात होती, तिला हातानंच गप्प राहा म्हणून खूण केली आणि उंबरा ओलांडला. पोत्यांपाशी उभं राहून मागं बघितलं. मास्तर खुर्चीत तसेच पुढं झुकलेले, दोन्ही तळवे गुडघ्यांवर, तोंड माझ्या रिकाम्या खुर्चीकडं.

"मग?" ते खुर्चीला म्हणाले. थोडं थांबले. "मग, बिरूअण्णा? पुढं?"